खानदानाचे रक्त आणि रक्तपेढीचे रक्त

रक्त हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक अर्थ दवाखान्यातला. अंगात फिरणारा, सुईने काढता येणारा, बाटलीत आणि आता पिशवीत साठवता येणारा लाल द्रव. दुसरा अर्थ घरातल्या वडीलधाऱ्यांचा. 'शेवटी रक्ताचा गुण', 'खानदानी खून आहे', 'आपल्या रक्तातला मुलगा' ही वाक्ये आपल्याकडे रोजच्या बोलण्यात येतात. सोयरिकीची बोलणी सुरू झाली की हा दुसरा अर्थ बैठकीत सर्वांच्या आधी येऊन बसतो. मुलगा किती शिकला हे नंतर विचारले जाते, घराणे कोणते हे आधी.

या दुसऱ्या अर्थाला पहिल्या अर्थाचा काही आधार आहे का? शास्त्राने रक्ताचा जो शोध घेतला, तो आपल्या खानदानाच्या कल्पनेला काय सांगतो? या प्रश्नाचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत. त्यासाठी बगदाद, कैरो, लंडन अशी वाट धरावी लागेल. पण आधी आपल्या कोकणातल्या खारेपाटणला थांबू, कारण घराण्याच्या रक्ताविषयी बोलायचे तर बंदराच्या गावाइतकी चांगली साक्ष दुसऱ्या कोणाची मिळणार नाही.

आज खारेपाटण म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचे, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेशीवरचे एक गाव. पावसाळ्यात शुक नदीला पूर आला की बाजारपेठेत पाणी शिरते, तेवढ्यापुरते त्याचे नाव वर्तमानपत्रात येते. पण एके काळी विजयदुर्गच्या खाडीतून गलबते येथवर येत. गाळ साचत गेला आणि बंदर संपले. या गावाच्या नावाने ओळखला जाणारा ताम्रपट शिलाहार राजा रट्टराज याचा आहे. शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८. रट्टराजाचे बलिपत्तन म्हणजेच हे खारेपाटण, असे काही अभ्यासक मानतात. येथून जवळच असलेल्या पोंभुर्ल्याचे सुपुत्र बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४०च्या दशकात या ताम्रपटाचे वाचन प्रसिद्ध केले, हेही या मातीचे भाग्य. त्या दानपत्रात गावे दान दिल्याची नोंद आहे, आणि तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे : परद्वीपांहून येणाऱ्या गलबतामागे एक सुवर्ण गद्याण देण्याची. हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर परदेशी जहाजांची ये-जा इतकी नेहमीची होती की तिच्यावर मंदिराची कायमची व्यवस्था लावून देता येत होती.

त्या जहाजांतून कोण येत असे? याचे उत्तर कोकणाच्या उत्तर भागातून मिळते. अल-मसूदी हा बगदादचा इतिहासकार हिजरी ३०४च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ९१६-१७मध्ये, चौलला आला होता. चौलला अरब 'सैमूर' म्हणत. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान वस्ती करून आहेत असे तो नोंदवतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक त्यात आहेत. आणि 'बयासिरा' आहेत. बयासिरा म्हणजे मुसलमान आईबापांपोटी हिंदुस्थानात जन्मलेले. त्या काळी लांबच्या समुद्रसफरीवर मुख्यतः पुरुष येत. त्यांचे संसार येथे झाले ते येथल्याच स्त्रियांशी. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी कोकणी-मराठी बोली ही त्या आयांची भाषा आहे. नमाजची अरबी दूरवरून आली, पण अंगाईची भाषा याच मातीतली. हज्जाज बिन युसूफच्या जुलमाला कंटाळून अरबस्तानातून निघालेल्या कुटुंबांची कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. तिच्यात इतिहासाचा अंश असेलही. मात्र त्या कथेत बाप दिसतात, आया दिसत नाहीत.

इतके मिसळलेले रक्त असूनही पुढे आपण त्याला कप्पे केलेच. १८८०च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये कोकणी मुसलमानांचे 'जमाती' आणि 'दालदी' असे भेद नोंदवलेले आहेत. एक खोत-व्यापारी, दुसरा मासेमारी करणारा; आणि दोघांत रोटी असली तरी बेटी नाही. एकाच मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लोक निकाहाच्या वेळी मात्र रक्त वेगळे असल्याचे सांगत. देशभर अशराफ-अजलाफ नावाने हाच भेद दिसतो. हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात अरब आणि अजम हा फरक मिटवला गेला, हे आपण दरवर्षी ऐकतो. पण सोयरिकीच्या बैठकीत त्या खुत्ब्याची आठवण सहसा कोणी काढत नाही.

आता रक्ताच्या पहिल्या अर्थाकडे वळू. रट्टराजाचा ताम्रपट कोरला गेला तेव्हा बुखाऱ्याकडचे इब्न सीना अठ्ठाविशीच्या आसपास होते. त्यांचा 'अल-कानून' हा ग्रंथ पुढे कित्येक शतके पूर्वेला आणि पश्चिमेला वैद्यकाचा पाया मानला गेला. हृदयाच्या बाबतीत मात्र इब्न सीनांची भिस्त मुख्यतः दुसऱ्या शतकातल्या ग्रीक वैद्य गालेन (आपल्या हकिमांचा जालिनूस) याच्यावर होती. गालेनच्या मते रक्त तयार होते यकृतात. तेथून ते शिरांवाटे अंगभर जाते आणि जमिनीत पाणी मुरावे तसे जिरून जाते. त्यातले काही हृदयाच्या उजव्या कप्प्यात येते, मधल्या पडद्यातल्या न दिसणाऱ्या छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपते, आणि तेथे हवेशी मिसळून त्यात 'रूह' म्हणजे प्राण उत्पन्न होतो.

या जुन्या समजुतीची खूण आपल्या बोलीत अजून शिल्लक आहे. खाटकाच्या दुकानात आपण कलेजी मागतो तेव्हा यकृत घेतो. आणि 'काळीज धडधडते' म्हणतो तेव्हा हृदय म्हणायचे असते. जिगर म्हणजे यकृत, पण जिगरी दोस्त तो, जो हृदयाजवळचा. रक्ताचे आणि जिवाचे घर यकृत की हृदय, हा वाद हजार वर्षे चालला. भाषेने दोघांनाही जागा देऊन तो मिटवला.

शास्त्राने तो असा मिटवला नाही. इब्न सीनांच्या मृत्यूनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, १२१३च्या सुमारास, दमास्कसच्या परिसरात अलाउद्दीन इब्न अल-नफीस यांचा जन्म झाला. दमास्कसच्या नूरी बिमारिस्तानात ते वैद्यक शिकले आणि पुढे कैरोला गेले. त्यांची एक ओळख आपल्या कोकणी वाचकांना विशेष जवळची वाटेल : ते शाफई फिकहचे आलिम होते आणि कैरोच्या मदरशात फिकह शिकवीत. आपण ज्या मस्लकाचे, त्याच मस्लकाचा हा हकीम. १२४२मध्ये, तिशीच्याही आत, त्यांनी 'कानून'मधल्या शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. त्यात इब्न सीना आणि गालेन या दोघांनाही बाजूला ठेवून त्यांनी सांगितले की हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा जाड आहे. त्यात दिसणारी छिद्रे नाहीत आणि न दिसणारीही नाहीत. मग उजवीकडचे रक्त डावीकडे जाते कसे? तर फुप्फुसातून. उजव्या कप्प्यातून ते फुप्फुसात जाते, तेथे पसरते, हवेशी मिसळते, आणि तेथून डाव्या कप्प्यात येते. हृदयाचे स्वतःचे पोषण त्याच्या मांसात शिरलेल्या रक्तवाहिन्यांतून होते, हेही त्यांनी नोंदवले. आज ज्या वाहिन्यांत अडथळा आला की अँजिओग्राफीसाठी धावपळ सुरू होते, त्या याच.

त्यांचे म्हणणे तपासून पाहायचे असेल तर बकरी ईदला संधी असते. बोकडाचे दिल उभे चिरले की मधली भिंत समोर येते. बोटाने दाबून पाहावी; ती घट्ट मांसाची असते, तिच्यात वाट नसते. पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी हातांनी हे दिल चिरले असेल. पण ग्रंथात छिद्रे लिहिली होती म्हणून वैद्यांना ती असल्यासारखी वाटत राहिली.

येथे एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. इब्न अल-नफीस यांचे नाव आपल्या सभा-संमेलनांत बहुधा 'सगळे आमच्याकडेच आधी होते' या सुरात घेतले जाते. तो सूर त्यांच्यावरच अन्याय करणारा आहे. त्यांनी शोधला तो हृदयापासून फुप्फुसापर्यंतचा आणि परतीचा रस्ता. संपूर्ण शरीरातले अभिसरण त्यांनी मांडले नाही. रक्त यकृतात बनते हे त्यांना मान्यच होते. आणि त्यांचा शोध पुढे आपल्याकडे किती वाचला गेला? १२८८मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले. आपले घर आणि ग्रंथसंग्रह त्यांनी मन्सूरी बिमारिस्तानाला दिला होता. पण वैद्यक शिकणाऱ्यांच्या हाती मुख्यतः जुनाच 'कानून' राहिला. १९२४मध्ये मुहियुद्दीन अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टराने बर्लिनच्या ग्रंथालयातले हस्तलिखित अभ्यासून जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात प्रबंध सादर केला, तेव्हा कुठे जगाला या शोधाची नीट ओळख झाली. सहा शतकांहून अधिक काळ ही गोष्ट आपल्याच ग्रंथांत होती आणि आपल्याला माहीत नव्हती. अभिमान बाळगायचा तर तो त्यांच्या पाहण्याचा बाळगावा. इब्न सीनांविषयी आदर ठेवूनही त्यांचे चुकले हे लिहिण्याची हिंमत त्यांनी दाखवली.

युरोपात १५५३मध्ये सर्व्हेटस याने फुप्फुसाचा हाच रस्ता लिहिला. त्याच्या धर्मविषयक मतांसाठी त्याच वर्षी जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याच्यापर्यंत अरबी ज्ञान पोचले होते का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शेवटी १६२८मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वे याने हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलते आणि अर्ध्या तासात किती ठोके पडतात, हे मोजले तर निघणारे रक्त सबंध शरीरातल्या रक्ताहून जास्त भरते. एवढे रक्त यकृत दर अर्ध्या तासाला नव्याने बनवू शकत नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या १६६१मध्ये इटलीच्या माल्पिघी याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, आणि वर्तुळ पूर्ण झाले. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदयही मिनिटाला जवळजवळ तेवढेच रक्त पुढे ढकलते. दिवसभरात सुमारे एक लाख ठोके पडतात.

रक्त फिरते हे कळल्यावर एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याची कल्पना सुचणे स्वाभाविक होते. प्रयत्न झाले, काही जगले, पुष्कळ दगावले, आणि कारण कोणाला कळेना. १९०१मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवले की माणसामाणसांच्या रक्तात गट असतात. चुकीचे मिसळले की पेशींच्या गुठळ्या होतात. ए, बी आणि ओ ही त्या गटांची नावे. एबी हा गट पुढच्या वर्षी सापडला. या कामासाठी लँडस्टायनर यांना १९३०चे नोबेल मिळाले.

आता येथे आपला मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. रक्तात गट असतात, म्हणजे खानदानाची गोष्ट खरी निघाली का? तसे वाटणारे लोक जगात होतेच. पहिल्या महायुद्धात हिर्शफेल्ड पतिपत्नींनी ग्रीसमधल्या सलोनिका येथे आठ हजारांहून अधिक लोकांचे रक्त तपासले. त्यात इंग्रजांच्या फौजेतले हिंदी शिपाईही होते. बी गटाचे प्रमाण हिंदी लोकांत जास्त, पश्चिम युरोपीयांत कमी, असे त्यांना आढळले. प्रमाण कमीजास्त होते. पण गट तेच होते आणि ते सगळीकडे होते. यातला 'प्रमाण' हा शब्द गाळून पुढे अनेकांनी वंशाचे राजकारण केले. जर्मनीत १९३५मध्ये 'जर्मन रक्ताच्या रक्षणाचा' कायदा झाला आणि ज्यूंशी विवाह गुन्हा ठरला. स्वतः लुडविक हिर्शफेल्ड ज्यू वंशाचे म्हणून वॉर्साच्या घेट्टोत डांबले गेले. अमेरिकेतही रेडक्रॉस काळ्या माणसांचे रक्त वेगळे ठेवत असे. ही पद्धत १९५०मध्ये बंद झाली. सूक्ष्मदर्शकाखाली काळे रक्त आणि गोरे रक्त कोणालाही ओळखता आले नव्हते. तरी बाटलीवर चिठ्ठी लागत होती.

त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्या मुंबईत एक घटना घडली. परळचे के.ई.एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ जी.एस. मेडिकल कॉलेज कोकणी माणसाला सांगायला नको. गिरण्या, गोदी आणि रेल्वेत राबणारा चाकरमानी आजारी पडला की तेथेच जात असे. तेथे डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही विलक्षण रक्ताची माणसे आढळली. त्यांतला एक रेल्वे अपघातात जखमी झालेला होता, एकाला भोसकले गेले होते. त्यांच्या पेशींची तपासणी केली तर ए नाही, बी नाही. म्हणजे ओ असणार. पण ओ गटाचे रक्त त्यांच्या रक्तद्रवाशी मिसळले तर तेही गोठू लागले! ज्या ओ रक्ताला सर्वांना चालणारे म्हणतात, तेही या माणसांना चालेना. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांच्या साह्याने याची खातरजमा केली आणि १९५२च्या मे महिन्यात 'लॅन्सेट' या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. जगाच्या वैद्यकात या गटाला आजही 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. पुढे १९५७मध्ये याच आवारात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले.

याचे मर्म थोडक्यात असे. लाल पेशीवर आधी 'एच' नावाचा पाया तयार होतो आणि त्यावर ए किंवा बी रचले जाते. ओ गटात हा पाया नुसता राहतो. बॉम्बे गटाच्या माणसात पायाच नसतो. त्यामुळे पाया असलेले कोणतेही रक्त त्याच्या शरीराला परके वाटते. तो इतर गटांच्या माणसाला पेशी देऊ शकतो, पण घेताना फक्त आपल्यासारख्याचेच रक्त घेऊ शकतो. एरवी तो धडधाकट असतो. आपण वेगळे आहोत हे त्याला रक्त लागेपर्यंत कळतही नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक, असे याचे प्रमाण सांगितले जाते. भारतात सापडलेल्यांत महाराष्ट्रातल्या माणसांचा वाटा मोठा आहे.

येथे दोन गोष्टी आपल्या घराशी येऊन भिडतात. पहिली लग्नाची. बॉम्बे गट अपत्यात उतरतो तो आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच. दोघेही ते जनुक नकळत वाहत असतील तर दर अपत्यामागे चारात एक अशी शक्यता. चुलत-मावस भावंडांच्या लग्नात दोघांकडे एकाच आजोबांचे जनुक असण्याचा संभव वाढतो. हेच गणित थॅलेसेमियासारख्या खऱ्या आजारांनाही लागू आहे. शरीअतने असे विवाह जायज ठेवले आहेत. पण जायज म्हणजे फर्ज नव्हे. 'रक्त बाहेर जाऊ द्यायचे नाही' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन-चार घरांत सोयरिकी करणाऱ्यांनी निदान एवढे जाणून घ्यावे की शुद्धता म्हणून जे जपले जाते, त्याला जनुकांच्या भाषेत दारे बंद करणे म्हणतात. निकाहाआधी दोन्हीकडची रक्ततपासणी करून घेण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. खारेपाटणच्या परिसरात महामार्गावर अपघात झाला, किंवा बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, तर गाडी कणकवली-ओरोसकडे धावते, नाही तर वैभववाडीवरून करूळचा घाट चढून कोल्हापूरकडे. तेथे रक्तपेढीत पिशवी असेल तर माणूस वाचतो. पिशवीवर गट लिहिलेला असतो, तारीख असते, तपासण्यांची नोंद असते. देणाऱ्याची जात, जमात, घराणे त्यावर नसते. सख्ख्या भावाचे रक्त जुळत नाही आणि कधीही न पाहिलेल्या माणसाचे जुळते. सय्यद, खोत, दालदी, मराठा, महार, भंडारी, ब्राह्मण या सर्वांत तेच चार गट आहेत. तो दहा हजारांत एक असणारा बॉम्बे गटाचा माणूस सापडला तर त्याला वाचवू शकणारा दुसरा कोण आणि कोणत्या वस्तीतला, हे त्याच्या वंशावळीवरून कोणी ठरवू शकत नाही. म्हणूनच अशा दात्यांच्या याद्या ठेवाव्या लागतात.

हे रक्त कारखान्यात बनत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १९९८पासून पैसे घेऊन रक्त विकणे देशात बंद झाले. आता आधार स्वेच्छेने देणाऱ्यांचाच. लाल पेशी साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवसच टिकतात, म्हणून एकदा देऊन भागत नाही. अठरा वर्षांवरील निरोगी माणसाला हे करता येते; पुरुषाने तीन महिन्यांनी, स्त्रीने चार महिन्यांनी पुन्हा दिले तरी चालते. आपल्याकडे 'खून नापाक, मग देणे कसे?' अशी शंका काही ठिकाणी अजून ऐकू येते. जीव वाचवण्याच्या निकडीत रक्त देणे-घेणे जायज असल्याचे उलेमांनी कधीच सांगून ठेवले आहे. महाराष्ट्रात ईद-ए-मिलादला आणि मोहरमला रक्तदान शिबिरे भरू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट. शिबिराला फोटोपुरते जाणारेही असतात. पण त्यांची पिशवीदेखील कोणाच्या तरी उपयोगाला येते.

खाडीत गाळ साचला आणि खारेपाटणचे बंदर मिटले, तरी येथल्या माणसांची ये-जा थांबली नाही. हजार वर्षांपूर्वी येथे परद्वीपांचे लोक उतरत. पुढे येथलेच लोक मुंबईला, आफ्रिकेला, आखातात गेले. आपल्या अंगातले रक्त याच ये-जा करणाऱ्यांचे आहे. त्याला एकाच घराण्याचे मानणे इतिहासालाही धरून नाही आणि शास्त्रालाही नाही. खानदान सांगायचेच असेल तर जरूर सांगावे. पण ते सांगण्याआधी आपला रक्तगट कोणता हे एकदा तपासून घ्यावे, आणि तो ज्याला लागेल त्याला देण्याची तयारी ठेवावी.